घराची अब्रू आणि मुलाचा शब्द

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात जमाव रुळांवर उतरला आणि जवळजवळ दिवसभर मध्य रेल्वेची त्या मार्गावरील वाहतूक ठप्प झाली. शाळेतील एका सफाई कर्मचाऱ्याने शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार केल्याचे उघड झाले होते. मुली अवघ्या चार वर्षांच्या. तो संताप अनाठायी होता, असे कोण म्हणेल? ज्या समाजाला अशा वार्तेने चीड येत नाही, तो समाज जिवंत तरी कसा म्हणावा?

परंतु त्या संतापाच्या धुरळ्यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या दृष्टीआड झाली. रूळ अडवले गेले त्याच्या काही दिवस आधी एका मुलीने घरी सांगितले होते. पालकांनी ते ऐकले, त्यावर विश्वास ठेवला, वैद्यकीय तपासणी केली आणि पोलीस ठाणे गाठले. तेथे गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्यायमूर्तींनी पोलिसांना विलंबाचा जाब विचारलाच, शिवाय शाळेला कळले असता शाळेने तक्रार का केली नाही, असाही प्रश्न केला. शाळेच्या विश्वस्तांवर माहिती न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या गोळीबारात मरण पावला आणि त्याच्यापुरता न्यायालयाचा निवाडा कायमचा राहून गेला.

आपण त्या प्रकरणातील शेवटच्या गोष्टीवर फार बोललो. पहिल्या गोष्टीवर जवळजवळ बोललोच नाही. चार वर्षांची मुलगी बोलली आणि घरच्यांनी तिचे खरे मानले, ही ती पहिली गोष्ट. सर्वत्र असे घडते का?

'आपल्याकडे असे होत नाही'

प्रस्तुत लेखकाने पालकांच्या अनेक बैठकांतून एक वाक्य ऐकले आहे. 'ही सारी पश्चिमेकडची विकृती. आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, आपल्याकडे असे होत नाही.' हे वाक्य म्हणणारी माणसे सज्जन असतात आणि मनापासून बोलत असतात. म्हणूनच त्यांच्यापुढे आकडे ठेवणे भाग आहे.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती झाली होती. त्या तेरांत महाराष्ट्र होता, गोवाही होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाला सामोरे जावे लागल्याचे सांगितले. अनेकांना धक्का बसेल अशी बाब म्हणजे, असे सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिक होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा मूल ज्यांच्यावर विसंबून असते असे होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट तोवर कोणालाही सांगितलेली नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहावेत, तर चित्र अधिकच ठसठशीत होते. २०२२ या एका वर्षात देशात बालकांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांची नोंद झाली. यांतील बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या परिचयाचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या वरच राहिले आहे. परिचयाचा म्हणजे कोण? शेजारी, शिकवणीचे सर, रिक्षावाले काका, वडिलांचे मित्र, चुलता, मामा, मावसभाऊ. आणि लेखणी थबकते, पण लिहिले पाहिजे, क्वचित प्रत्यक्ष जन्मदाता.

आपण मुलांना 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस' एवढे शिकवतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात ज्याच्या हातचा खाऊ घ्यायला आपणच सांगतो, धोका बहुधा त्याच्याकडून असतो. यावरून कुटुंबव्यवस्था वाईट ठरत नाही. किंबहुना मुलाला आधार देणारी तिच्याइतकी बळकट दुसरी व्यवस्था नाही. परंतु ज्या ठिकाणी विश्वास सर्वांत अधिक, त्याच ठिकाणी विश्वासघाताला वाव अधिक, हे व्यवहारातील साधे सत्य आहे. घरच्या तिजोरीला आपण कुलूप लावतो, ते घरातील माणसांचा अपमान म्हणून नव्हे.

मूल बोलत नाही, कारण

मूल बोलत नाही याचे पहिले कारण असे की, त्याच्याजवळ शब्दच नसतात. हाताला हात, पायाला पाय म्हणायला आपण शिकवतो आणि मधल्या अवयवांना 'शी' म्हणून मोकळे होतो. ज्या भागाचे नावही उच्चारायचे नाही असे घराने शिकवले, त्या भागाला कोणी हात लावला हे त्याने आईला सांगायचे कसे? शुद्ध, सरळ मराठी शब्द मुलाला वेळेवर दिले तर त्याचा निरागसपणा नाहीसा होत नाही. उलट पुढे पोलिसांसमोर किंवा न्यायाधीशांसमोर सांगण्याची वेळ आली, तर तेच शब्द त्याच्या उपयोगी पडतात.

दुसरे कारण आपण संस्कार म्हणून जे शिकवतो त्यात आहे, आणि हे म्हणताना मला संकोच वाटतो. वडीलधाऱ्यांचा मान राखावा, त्यांच्या पाया पडावे, त्यांचे ऐकावे, हे आपण शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण पाहुणे आले की अंग चोरून उभ्या राहिलेल्या मुलीला 'काकांना पापा दे, अशी काय करतेस?' म्हणून पुढे ढकलणे हा कोणता संस्कार? त्या क्षणी ती एक धडा शिकते. आपल्या अंगाबाबत आपली नाराजी मोजली जात नाही, मोठ्यांची हौस मोजली जाते. नमस्कार लांबून हात जोडूनही होतो. आदर शिकवावा आणि 'नको' म्हणण्याचे धाडसही शिकवावे. या दोहोंत विरोध नाही.

तिसरे कारण म्हणजे मार. २००७ च्या त्याच पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले होते. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली. तरी 'आम्हीही छड्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले?' असे अभिमानाने सांगणारी पिढी अजून आहे. त्या छड्यांनी कोणाचे काय बिघडले याचा हिशेब येथे मांडत नाही. एवढेच म्हणतो की, पेला फोडल्याबद्दल ज्याला थप्पड बसते ते मूल याहून मोठी गोष्ट सांगायला येणार नाही. त्याला वाटते, यातही आपलेच काही चुकले असेल.

मुलगा असेल तर आणखी एक गाठ. 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?' काही वर्षांपूर्वी एका बैठकीनंतर एक माता बाजूला येऊन थांबल्या. त्यांचा मुलगा सुटीत एका नातेवाइकाकडे जायला नकार देत असे, आदल्या रात्री त्याला ताप भरे. सलग दोन वर्षे त्यांनी त्याला 'हट्टी' म्हणून रागावून पाठवले होते. मी त्यांना काही उत्तर देऊ शकलो नाही. त्यांनाही उत्तर नको होते. कोणीतरी ऐकावे, एवढेच हवे होते. त्यांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी हेच हवे होते.

जुना वाद, नवी पळवाट

घराच्या उंबरठ्याच्या आत कायद्याने यावे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या बळजबरीने मरण पावली. त्यानंतर संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक आले आणि पुण्यात रणधुमाळी माजली. आगरकर, रानडे, भांडारकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले; डॉ. भांडारकरांनी तर धर्मशास्त्रांच्या आधारेच ते योग्य ठरवले. लोकमान्य टिळकांनी विरोध केला. त्यांचा मुख्य मुद्दा होता, परक्या सरकारने आमच्या सामाजिक व्यवहारात हात घालू नये. मात्र याच टिळकांनी सुधारकांपुढे पर्यायी सूचना ठेवली होती की, मुलीचा विवाह सोळाव्या आणि मुलाचा विसाव्या वर्षापूर्वी करणार नाही, असे आपण स्वतःच सही करून बांधून घेऊ. हा तपशील लोक विसरतात. १८९१ साली कायदा झाला. पुढे १९२९ साली हरविलास सारडा यांच्या विधेयकाने मुलींचे विवाहाचे वय चौदा ठरवले, ते एका भारतीय सदस्याने मांडलेले होते.

हा इतिहास येथे आणण्याचे कारण एवढेच की, परक्या सरकारचा आक्षेप त्या काळी समजण्यासारखा होता. आज सरकार आपले, संसद आपली, कायदाही आपणच केलेला. तरी 'घरातील गोष्ट घरात मिटवू' हा सूर कायम आहे. टिळकांच्या मुद्द्यातील तत्त्व गळून पडले आणि त्याचे टरफल तेवढे आपल्या हाती राहिले.

ही मिटवामिटवी कोठवर जाते? राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. पुढे मुलीच्या वडिलांनी तडजोड केली आणि त्या तडजोडीच्या आधारे उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अशा गुन्ह्यात समाजाविरुद्ध अपराध घडलेला असतो. दोन कुटुंबांनी आपसात कागद केल्याने तो पुसला जात नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मुलाचा न्याय बापालाही विकता येत नाही, असे साध्या भाषेत म्हणता येईल.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून बोचरे आहे. २०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. तपासात सतरा मुलींचे प्रकरण पुढे आले. या मुली ज्या डॉक्टरांकडे उपचारासाठी नेल्या जात, त्यांना माहिती असूनही त्यांनी ती कळवली नाही, असा आरोप ठेवून त्यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा जिवंत केला आणि ठाऊक असूनही न कळवणे हा स्वतःच गंभीर अपराध आहे, त्यामागे बहुधा अपराध्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असे मत नोंदवले. आईबापांपासून दूर, शिकण्यासाठी आलेल्या वनवासी मुली. त्यांचा ताप, त्यांच्या वेदना पाहणारी मोठी माणसे अवतीभवती होती. शब्द कोणी उच्चारला नाही.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सारे 'पॉक्सो' म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. त्यातील शिक्षेची कलमे लोकांना ठाऊक असतात. एकोणिसावे कलम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. आई, आजी, शिक्षक, मुख्याध्यापक, डॉक्टर, वसतिगृहाचे अधीक्षक, कोणालाही सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध लपवल्यास एक वर्षापर्यंत. 'आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, मग पाहू' या पळवाटेला कायद्यात जागा नाही. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर मात्र पुढे आरोप सिद्ध झाला नाही तरी कोणतीही कारवाई होत नाही.

मध्यमवर्गीय घरांना भीती वाटते ती पोलीस ठाण्याच्या पायरीची. म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला मोकळे वाटेल अशा जागी घ्यावा. शक्यतो उपनिरीक्षक वा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा. जबाब घेताना गणवेश नसावा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी. न्यायालयात मुलाला आरोपीसमोर उभे करू नये, उलटतपासणीत त्याला दरडावू नये, त्याचे नाव-गाव वृत्तपत्राने छापू नये. हे सर्व कायद्यात लिहिलेले आहे. ते सर्वत्र पाळले जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बदलापूरच्या पालकांना विचारावे. खटला शक्यतो वर्षभरात निकाली निघावा, असेही कायदा म्हणतो आणि अनेक मुले साक्ष देता देता मोठी होतात. पण मागण्याचा अधिकार ठाऊक असलेला पालक आणि ठाऊक नसलेला पालक यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडतो. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईतच सुरू झालेल्या उपक्रमातून पुढे आला. आज तो शासन चालवते. तो घरातील मुलांना तोंडपाठ असावा.

२०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन काही अपराधांना फाशीपर्यंतची शिक्षा आली. टाळ्या पडल्या. परक्या माणसाने केलेल्या क्रौर्याबाबत ती भावना मी समजू शकतो. पण नव्वद टक्के प्रकरणांत अपराधी ओळखीचा आहे, हे लक्षात घेऊन विचार करावा. आपल्या शब्दाने मामा फासावर जाईल, असे वाटणारे मूल बोलेल की गप्प होईल? आणि बोललेच, तर आजी त्याला बोलू देईल का? शिक्षा कडक असावी, यात दुमत नाही. पण शिक्षेचा प्रश्न तक्रार झाल्यानंतरचा आहे, आणि आपली गाडी तक्रारीच्या आधीच अडली आहे.

संस्थेचे नाव

जी गोष्ट घराची, तीच संस्थेची. मुलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विशेष मनावर घेतले पाहिजे. शाळा, वसतिगृहे, संस्कारवर्ग, उन्हाळी शिबिरे, खेळाची मैदाने आपणही चालवतो. पालक आपल्या नावावर विसंबून मूल सोपवतात. तेव्हा 'आपला माणूस आहे, असे करणार नाही' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा कमी आहे. त्या माणसाचा त्याग, त्याची वीस वर्षांची सेवा, त्याचे गोड बोलणे हा पुरावा होत नाही. मुलांच्या सहवासाची ओढ असलेला लबाड माणूस नेमका अशाच कामात सेवाभावी चेहरा घेऊन येतो. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून 'सखी सावित्री' समित्या नेमण्यास सांगितले. बदलापूरनंतर कित्येक ठिकाणी त्या केवळ कागदावर असल्याचे दिसले. समिती कागदावर राहते, कारण तिच्यापुढे एकही तक्रार आली नाही याचाच संस्थेला अभिमान वाटतो.

एका शाळेच्या समितीवर मी काही काळ होतो. एका मुलीच्या पालकांची तक्रार तोंडी आली तेव्हा पहिली चर्चा मुलीविषयी झाली नाही. शाळेचे नाव, येऊ घातलेला सुवर्णमहोत्सव, देणगीदार, आणि त्या शिक्षकाच्या घरी लग्नाला आलेली बहीण. दोन बैठका अशा गेल्या. त्या दोन बैठकांत मीही होतो आणि पहिल्या बैठकीत गप्प होतो, हे लिहून टाकतो. अखेर पालक स्वतःच पोलिसांकडे गेले.

पुढच्या वर्षी समितीपुढे एक ठराव मांडला. अशी कोणतीही तक्रार कळताच ती त्याच दिवशी पोलिसांना कळवावी, समितीची बैठक त्यानंतर बोलवावी. कायदा हेच सांगतो, ठरावाची खरे तर गरज नव्हती. एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्याविषयी मला आजही आदर आहे, म्हणाले, 'पन्नास वर्षांत या संस्थेची पायरी पोलीस चढलेला नाही.' बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका शिक्षिकेने विचारले, 'काका, या पन्नास वर्षांत एकही मूल बोलले नसेल, असे तुम्हाला वाटते?' त्यांनी उत्तर दिले नाही. ठरावावर सही केली, आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावा, असे सांगितले. तो तसा नोंदवलेला आहे.